एका खोलीचे गणित

जुलै महिन्यात महाविद्यालयाचे नवे वर्ष थोडे स्थिरस्थावर झाले, की प्रथम वर्ष कला शाखेच्या अर्थशास्त्राच्या वर्गात प्रस्तुत लेखक दरवर्षी एक लहानसा प्रयोग करतो. प्रत्येकाला एक कोरा कागद देण्यात येतो आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला जातो : 'एका आयताकृती खोलीची परिमिती ५२ फूट असून तिचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट आहे, तर त्या खोलीची लांबी व रुंदी काढा.' कागदावर नाव घालायचे नसते आणि गुणही द्यायचे नसतात. दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात असा प्रश्न आला तर परीक्षार्थी त्याला सोपा म्हणेल.

१६० हा आकडा मुद्दाम घेतलेला असतो. मुंबईच्या विकास विभागाने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे ज्या चाळी उभारल्या आणि ज्या आजही 'बी. डी. डी.' या तीन अक्षरांनीच ओळखल्या जातात, त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ एवढेच सांगितले जाते. परळ, लालबाग, नायगाव या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला १६० चौरस फूट म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. त्यात किती माणसे झोपतात आणि पाहुणा आला की कोणी गॅलरीत जायचे, हे त्याला बीजगणिताच्या कितीतरी आधी ठाऊक झालेले असते. परिमितीचा आकडा मात्र उदाहरणापुरता धरलेला आहे.

कागद परत येतात, ते वाचण्यासारखे असतात. काही कोरे असतात. काहींनी १६ आणि १० हे आकडे नुसते लिहिलेले असतात आणि 'रीत येत नाही, अंदाजाने काढले' असे खाली ओशाळवाणेपणाने नोंदविलेले असते. वास्तविक ओशाळण्याचे कारण नाही. आकडे घालून पाहणे, चुकणे, पुन्हा घालून पाहणे ही गणितातील फार जुनी आणि प्रतिष्ठित वाट आहे. खरी चिंता वाटते ती तिसऱ्या प्रकारच्या कागदांची. त्यांवर वर्गसमीकरणाचे सूत्र, वर्गमूळाच्या चिन्हासह, अधिक-उणेसह, मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलेले असते आणि त्याखाली काहीच नसते. एका वर्षी अशाच एका कागदाच्या तळाशी एक ओळ होती : 'सर, सूत्र पाठ आहे. त्यात काय घालायचे ते कळत नाही.' तास संपल्यावर लालबागहून येणारी एक मुलगी टेबलापाशी आली आणि तो कागद आपला असल्याचे तिने स्वतःच सांगितले. दहावीला गणितात तिला बरे गुण होते.

या एका वाक्यात आपल्या शालेय गणिताची सारी व्यथा आली आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल. पण त्या मुलीने आळस केला नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. तिला जे सांगितले गेले ते तिने केले. अपेक्षित प्रश्नांचे संच तिने सोडविले, म्हणजे दहा-दहा वेळा उतरवून काढले. परीक्षेत रीतीला गुण असतात, म्हणून तिने रीत पाठ केली. परीक्षेत रीतीला गुण देण्यामागचा हेतू असा, की उत्तर चुकले तरी विचार बरोबर असेल तर त्याचे श्रेय मिळावे. झाले ते उलटेच. ज्या पायऱ्या विचाराची खूण म्हणून मागितल्या, त्याच विचार टाळण्याचे साधन बनल्या. मराठीत 'रीत' या शब्दाला पद्धत असा अर्थ आहे आणि रूढी असाही आहे. शाळेत पहिल्या अर्थाने आत आलेला हा शब्द दुसऱ्या अर्थाने बाहेर पडतो.

आता ते उदाहरणच पाहू. परिमिती ५२, म्हणून लांबी आणि रुंदी यांची बेरीज तिच्या निम्मी, २६. दोन्ही सारख्या असत्या तर प्रत्येकी १३ फूट झाल्या असत्या. पण १३ गुणिले १३ म्हणजे १६९, आणि आपल्याला हवेत १६०. तेव्हा त्या सारख्या नाहीत. लांबी १३ पेक्षा जेवढी अधिक, तेवढीच रुंदी १३ पेक्षा उणी असली पाहिजे, नाहीतर बेरीज २६ राहणार नाही. हा फरक 'अ' मानला तर १३ अधिक अ आणि १३ उणे अ यांचा गुणाकार १६० हवा. हा गुणाकार म्हणजे १६९ उणे अ चा वर्ग. यावरून अ चा वर्ग ९, अ बरोबर ३, आणि खोली १६ फूट लांब व १० फूट रुंद. येथे कोणतेही सूत्र लागले नाही. लागले ते एवढेच, की मध्यावर उभे राहून दोन्ही बाजूंना सारखेच अंतर चालून पाहायचे.

नेहमीच्या रीतीने जायचे तर लांबी क्ष मानावी, रुंदी २६ उणे क्ष होईल, आणि समीकरण क्ष चा वर्ग उणे २६ क्ष अधिक १६० बरोबर शून्य असे मिळेल. त्याची उत्तरे दोन : १६ आणि १०. 'दोन उत्तरे का?' हा प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारतो, कारण वर्गसमीकरणाला दोन उत्तरे असतात हेही पाठच असते. खरे कारण साधे आहे. आपण लांबी कोणाला म्हटले हे समीकरणाला ठाऊक नाही. बेरीज २६ आणि गुणाकार १६० असणाऱ्या दोन संख्या त्याला माहीत आहेत आणि तो बिचारा दोन्ही आपल्यापुढे ठेवतो. कोणती लांबी आणि कोणती रुंदी, हे ठरविणे आपले काम.

हेच गणित कात्रीनेही सोडविता येते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते आधी कात्रीनेच सोडवावे. १६ बाय १० चा एक कागद घ्या. लांबीच्या टोकाकडून तीन फूट रुंदीची पट्टी कापा. उरला १३ बाय १० चा तुकडा. आता कापलेली पट्टी त्याच्या १३ फुटी बाजूला लावा. पट्टी दहाच फूट लांब आहे, त्यामुळे कोपऱ्यात तीन बाय तीनचा एक चौरस रिकामा राहील. तेवढा भरला असता तर १३ बाय १३ चा पूर्ण चौरस झाला असता. वर जो अ चा वर्ग आला तो हाच रिकामा कोपरा. युक्लिडच्या दुसऱ्या पुस्तकातील पाचवे प्रमेय हेच सांगते, आणि त्याच्याही फार पूर्वी, इसवी सनापूर्वी सुमारे १८०० वर्षे, बाबिलोनच्या लेखनिकांनी मातीच्या विटांवर बेरीज आणि गुणाकार दिलेले असे आयत याच मध्याच्या युक्तीने सोडविलेले आहेत. आपल्याकडे श्रीधराचार्यांचा नियम प्रसिद्ध आहे. वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणा आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. आपल्या खोलीला तो लावला तर दुप्पट क्ष उणे २६ यांचा वर्ग ३६ येतो, आणि पुन्हा १६ आणि १०. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात हा नियम श्रीधरांच्या नावानिशी दिला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा जो शिलालेख आहे, तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड आपल्या मुंबईचेच. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव आहे, एवढेच आता बहुतेकांना माहीत असते.

भूमितीविषयी येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. गिरगावातील ज्या मराठी शाळेत प्रस्तुत लेखक शिकला, तेथे भूमितीचे शिक्षक फळ्याच्या डाव्या बाजूस चार शब्द एकाखाली एक लिहून ठेवीत : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. जे दिलेले आहे ते पक्ष, जे दाखवायचे ते साध्य. या दोहोंत गल्लत झाली की ते खडू खाली ठेवीत आणि गल्लत करणाऱ्याकडे नुसते पाहत. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे यासारखा दुसरा अपराध त्यांच्या लेखी नव्हता. पुढे अर्थशास्त्राचे अनेक अहवाल वाचताना त्या नजरेची फार वेळा आठवण झाली. (गिरणगावात पक्षांची उणीव कधीच नव्हती. सिद्धतेची मात्र होती.)

खोलीकडे परत येऊ. परिमिती ५२ फूटच ठेवून आकार बदलता आला असता, तर जास्तीत जास्त जागा कशी मिळाली असती? रुंदी १० असताना १६०. रुंदी ११ केली तर लांबी १५, जागा १६५. रुंदी १२ तर १६८. रुंदी १३ तर १६९. आणि १४ केली तर पुन्हा १६८. प्रत्येक वाढीव फुटामागे मिळणारी जास्तीची जागा पाहा : पाच, तीन, एक, आणि मग उणे एक. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा तक्ता पाहिल्यासारखा वाटला पाहिजे, कारण घटत्या सीमांत उपयोगितेचा जो तक्ता तो आंब्यांच्या किंवा चहाच्या कपांच्या उदाहरणाने पाठ करतो, त्याचे रूप असेच असते. एकूण वाढत असते, पण वाढ घटत असते, आणि वाढ शून्य होते तेथे एकूण सर्वाधिक असते. चलनकलन म्हणून ज्या विषयाचा धसका घेतला जातो, त्याचा अर्धा गाभा या चार आकड्यांत आहे.

उरलेला अर्धा असा. एकेक फुटाऐवजी अर्धा फूट वाढवून पाहा. रुंदी साडेदहा, लांबी साडेपंधरा, जागा १६२.७५. अर्ध्या फुटामागे पावणेतीन, म्हणजे फुटामागे साडेपाच या दराने. एक दशांश फूट वाढविले तर दर ५.९ येतो. वाढ जितकी सूक्ष्म करावी तितका दर सहाच्या जवळ जातो. कोणत्याही रुंदीला, म्हणजे क्ष ला, हा दर २६ उणे दुप्पट क्ष उणे ती सूक्ष्म वाढ इतका निघतो. वाढ शून्याकडे नेली की उरते ते २६ उणे दुप्पट क्ष. ते शून्य केव्हा होते? क्ष १३ असताना. चौरस सापडला.

बाळशास्त्री जांभेकरांनी या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले 'शून्यलब्धि'. वाढ शून्याकडे जात असता जे लब्ध होते ते, असा त्याचा अर्थ प्रस्तुत लेखक आपल्यापुरता करतो, आणि हे नाव उच्चारले की अर्धी भीती जाते असा त्याचा अनुभव आहे. जांभेकर १८१२ साली जन्मले आणि १८४६ साली वारले. एवढ्या अल्प आयुष्यात 'दर्पण' काढणारे पत्रकार म्हणून आपण त्यांना ६ जानेवारीला हार घालतो, ते योग्यच आहे. परंतु एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकविणारा हा माणूस, मराठीत धड शालेय पुस्तकेही नव्हती अशा काळात, कलनाला मराठीत आणू पाहत होता. आज अकरावीच्या दारात मराठी माध्यमाच्या मुलाचा 'कर्ण' हायपोटेन्यूज होतो आणि 'सहगुणक' कोइफिशंट होतो. दोन महिने तो शब्दांशीच झगडत राहतो आणि तेवढ्यात शिकवणे पुढे निघून जाते. त्याला उपाय म्हणून आठवीपासून, कधी पाचवीपासून, गणित इंग्रजीत नेण्याची 'सेमी' पद्धत आली. तिचे काही लाभ आहेतच. पण एखादी गोष्ट मुळात एका भाषेत कळलेली नसेल तर ती दोन भाषांत न कळण्याची सोय आपण केली आहे काय, हेही तपासले पाहिजे. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर या मुलांना गणित सोपे करून सांगण्यात हयात घालविलेल्या विदुषी होत्या. त्यांच्या म्हणण्याचा प्रतिवाद करायला हरकत नव्हती. पण अंक कसा उच्चारावा यावर जितके लिहिले गेले, त्याच्या दशांशानेही अंकाचे वर्गात पुढे काय होते यावर लिहिले गेले नाही.

असो. 'चौरस सर्वांत मोठा' हे कळले की विद्यार्थी खूश होतात, आणि तेथेच त्यांना अडविले पाहिजे. लालबागला गणेशोत्सवाच्या तोंडावर शोभेल असा एक प्रश्न त्यासाठी योजलेला आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे ४० मीटर दोरी आहे. एका लांब भिंतीला लागून, भिंतीच्या बाजूला दोरी न लावता, तीन बाजूंनी आयताकृती जागा अडवायची आहे. जास्तीत जास्त जागा कशी अडेल? सारा वर्ग एका आवाजात 'चौरस' म्हणतो. चौरस केला तर प्रत्येक बाजू तेरा मीटर आणि एक तृतीयांश, जागा १७८ चौरस मीटरही भरत नाही. उलट भिंतीला काटकोनात असलेल्या बाजू दहा-दहा मीटर आणि समोरची बाजू वीस मीटर ठेवली तर जागा पूर्ण २०० चौरस मीटर होते. समीकरणाने जायचे तर क्ष गुणिले ४० उणे दुप्पट क्ष, वाढीचा दर ४० उणे चौपट क्ष, तो शून्य होतो क्ष दहा असताना. परंतु एका विद्यार्थ्याने याचे जे उत्तर एकदा दिले ते कोणत्याही पुस्तकापेक्षा देखणे होते. तो म्हणाला, "सर, भिंतीच्या जागी आरसा आहे असं समजलं तर?" आरशात दोरीचे प्रतिबिंब दिसेल, दोरी ८० मीटर होईल, आणि चारही बाजूंनी दोरी असलेली जागा चौरसच सर्वांत मोठी, म्हणजे २० बाय २० ची. त्याचा आरशाबाहेरचा अर्धा भाग आपला : २० बाय १०. चौरस होताच, पण अर्धा भिंतीपलीकडे होता. हा मुलगा दहावीला गणितात जेमतेम उत्तीर्ण झालेला होता.

वाचक विचारतील की अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा उपद्व्याप कशासाठी? तर त्याचे उत्तर दादरच्या एखाद्या पोळीभाजी केंद्रात मिळेल. समजा, एक बाई वीस रुपयांना पोळीभाजीचा एक पुडा विकतात आणि दिवसाला दोनशे पुडे खपतात. एक रुपया भाव वाढविला की पाच गिऱ्हाइके कमी होतात, असे धरू. भाव किती ठेवावा? वाढ क्ष रुपये मानली तर विक्रीची रक्कम २० अधिक क्ष आणि २०० उणे पाचपट क्ष यांचा गुणाकार. ही रक्कम शून्य केव्हा होईल? क्ष उणे २० असताना, म्हणजे पुडा फुकट दिल्यावर, आणि क्ष ४० असताना, म्हणजे गिऱ्हाईकच न उरल्यावर. शिखर या दोन शून्यांच्या बरोबर मध्यावर, क्ष १० असताना : भाव ३० रुपये, पुडे १५०, रक्कम ४५०० रुपये. पूर्वी ती ४००० होती. खोलीच्या गणितातील १३ ची आणि या १० ची जात एकच.

पण रक्कम म्हणजे नफा नव्हे. एका पुड्याला १६ रुपये खर्च येत असेल, तर प्रत्येक पुड्यामागे सुटतात ४ अधिक क्ष रुपये. आता शून्ये होतात उणे ४ आणि ४० येथे, मध्य १८. भाव ३८ रुपये, पुडे ११०, प्रत्येकी २२ रुपये सुटून नफा २४२० रुपये. तीस रुपयांच्या भावाला तो २१०० होता आणि मूळच्या वीस रुपयांना अवघा ८००. वर्गात येथे नेहमी वाद होतो, आणि तो व्हावा म्हणूनच हे उदाहरण घेतलेले असते. गिरण्यांच्या जागी झालेल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना ३८ रुपये जड नाहीत. पण ज्या नव्वद जणांनी घेणे सोडले त्यांचे दुपारचे जेवण कोठे होते? शिवाय भाव जवळजवळ दुप्पट झाल्यावरही रुपयामागे पाचच गिऱ्हाइके कमी होतील, हे गृहीत कोणी तपासले? ज्याला समीकरण मांडता येते त्यालाच त्यातले गृहीत कोठे बसले आहे ते बोट ठेवून दाखविता येते. ज्याला मांडता येत नाही त्याला तज्ज्ञाने सांगितलेले ३८ मुकाट्याने स्वीकारावे तरी लागतात किंवा मुकाट्याने नाकारावे तरी लागतात.

या संदर्भात दादाभाई नौरोजींचे उदाहरण वारंवार आठवते. राजकारणात येण्यापूर्वी दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते, हे पुष्कळांना माहीत असते. पण गणिताचा तो प्राध्यापक पुढे त्यांच्या राजकारणात किती पुरून उरला, याकडे सहसा लक्ष जात नाही. हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये आहे, असे त्यांनी १८७० च्या दशकात मांडले. ते नुसते मांडले नाही, तर प्रांतोप्रांतीचे पीक, त्याचा भाव, त्यांचे गुणाकार, त्यांची बेरीज आणि लोकसंख्येने भागाकार असे सारे उघड करून दाखविले, आणि जोडीला तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राला सरकार किती खर्च करते तेही ठेवले. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यांना आकड्यावर हल्ला करायचा तर कोणत्या पायरीवर करायचा, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. वादात रीत दाखविण्याचा याहून मोठा नमुना आपल्या इतिहासात शोधावा लागेल.

२०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक सूचना चर्चेत आली. दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता यावे, मात्र पुढे त्याला हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, अशी ती सूचना. तिच्यामागची कणव खोटी नव्हती. एका विषयापायी शिक्षण सुटलेली मुले, आणि विशेषतः मुली, या भागातील प्रत्येक चाळीत सापडतील. एकदा नापास झालेल्या मुलीला दुसऱ्यांदा परीक्षेला बसविण्याऐवजी कामाला लावणारी घरे आपण पाहिली आहेत. तेव्हा त्यांची अडवणूक दूर झाली पाहिजे यात शंका नाही. पण या सूचनेत एक गृहीत दडलेले होते, की गणित विज्ञान शाखेत असते आणि कला शाखेत नसते. शेरा घेऊन कला शाखेत आलेली मुलगी माझ्या वर्गात बसणार, आणि तिसऱ्या आठवड्यात मागणीची लवचिकता शिकताना तिला तेच बीजगणित पुन्हा भेटणार. पुढे बँकेची परीक्षा, रेल्वेची परीक्षा, राज्य सेवेची परीक्षा, सर्वत्र ते तिची वाट पाहत उभे असणार. मग दारावरचा पहारेकरी तेवढा हटविला, एवढेच त्याचे फलित. तिला चालता यावे यासाठी जे करायचे ते राहूनच जाते.

ते काय करायचे, याविषयी मोठ्या योजना प्रस्तुत लेखकाजवळ नाहीत. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिने परळच्या गिरणी कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. दिवसभर मागावर उभे राहिलेली माणसे संध्याकाळी अपूर्णांक शिकत. १९८२ च्या संपानंतर ते जग विस्कटले. त्या जगाची नातवंडे आज आमच्या वर्गांत आहेत, आणि ती दिवसा शिकतात व संध्याकाळी मॉलमध्ये किंवा औषधांच्या दुकानांत उभी राहतात. त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी दोन तास एक वर्ग घेतो. पूर्ण दुपारी तीन उदाहरणे झाली तर पुष्कळ झाली. नियम एकच, की पहिली दहा मिनिटे पेन उचलायचे नाही, काय दिले आहे आणि काय विचारले आहे ते फक्त आपल्या शब्दांत शेजाऱ्याला सांगायचे. अभ्यासक्रम या वेगाने पूर्ण होणार नाही, हे सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

लालबागची ती मुलगी या वर्गाला नियमित येई. एका शनिवारी तिने स्वतःच एक उदाहरण आणले. तिचे आजोळ बी. डी. डी. चाळीत. पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार म्हणून तेथे चर्चा चालली होती, आणि घर तिपटीहून मोठे म्हणजे भिंतीही तिपटीहून अधिक, रंगाचा खर्चही तिप्पट, असा हिशेब मामाने सांगितला होता. तिला तो पटला नव्हता, पण का ते सांगता येत नव्हते. दहा मिनिटे ती शेजारणीशी बोलत राहिली. मग तिने कागदावर दोन आयत काढले, एकाच आकाराचे, एक लहान आणि एक मोठा. लांबी आणि रुंदी दोन्ही क्ष पटीने वाढल्या तर जागा क्ष च्या वर्गाने वाढते. ५०० भागिले १६० म्हणजे ३.१२५, त्याचे वर्गमूळ सुमारे १.७७, आणि जुनी परिमिती ५२, म्हणून नवी सुमारे ९२ फूट. तिपटीने नव्हे, पावणेदोन पटीहून किंचित अधिक. तिने उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्यापुढे केला. मी तो वाचीत असतानाच तिने तो पुन्हा ओढून घेतला आणि ९२ वर काट मारली. जुन्या खोलीला चारच भिंती होत्या, नव्या घराला मधल्याही असणार.